डब्यातला मराठी आवाज

बाबांची नजर काचबिंदूने गेली, आणि हळूहळू गेली. आधी कडेची माणसं दिसेनाशी झाली, मग समोरची. शेवटी खिडकीत उजेड आहे की नाही एवढंच कळायचं. डॉक्टरांनी जे सांगायचं ते सांगून झालं होतं. बाबांनीही फार आदळआपट केली नाही. पण एक गोष्ट त्यांना सलत होती आणि ती ते आम्हाला रोज ऐकवायचे: आता वर्षावासात ग्रंथ कोण वाचणार?

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतचा पावसाळा म्हणजे वर्षावास. त्या काळात आम्हा बौद्ध मराठी घरांत ग्रंथाचं वाचन होतं. गावाकडे हे विहारात चालतं. लखनऊत आमच्यासारखी मराठी घरं थोडी, तीही सरकारी नोकऱ्यांच्या बदल्यांनी इकडे येऊन पडलेली आणि शहरभर विखुरलेली. आम्ही तेलीबागेत, कोणी महानगर नावाच्या वस्तीत, कोणी त्याच्याही पलीकडे. म्हणून वाचन महानगरच्या एका काकांच्या हॉलमध्ये व्हायचं, शनिवार-रविवार संध्याकाळी. काका रेल्वेतून निवृत्त झालेले, बाबा केंद्र सरकारच्या एका खात्यातून. काका सतरंज्या आणि चहाचं बघायचे आणि बाबा वाचायचे. मला आठवतं तेव्हापासून बाबाच वाचायचे.

दुसऱ्या कोणाला मराठी येत नव्हतं असं नाही. पण माझ्या वयाची बहुतेक मंडळी इथल्याच शाळांत शिकलेली, त्यांचं मराठी घरात ऐकण्यापुरतं. आईने मराठीत विचारायचं आणि मुलांनी हिंदीत उत्तर द्यायचं, हे इथल्या सगळ्याच घरांत चालतं. मला वाचता-लिहिता येतं, कारण बाबांनी दर उन्हाळ्याच्या सुटीत मानगुटीवर बसून शिकवलं. तेव्हा मी वाचते असं मी त्यांना म्हटलं होतं.

"वाच की," ते म्हणाले. "मी मेल्यावर."

हा स्वभाव आमच्या घरात वारशाने चालतो. त्यामुळे मी वाद घातला नाही, दुसरी सोय केली. ग्रंथाचा मजकूर कॉम्प्युटरमध्ये घातला. घरी एक जुना लॅपटॉप होता, त्यावर फुकट मिळणारी लिनक्स प्रणाली टाकली आणि लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवणारा एक मराठी आवाज बसवला. आवाज बाईचा होता, चांगला माणसासारखा, वाक्याच्या शेवटी उतरणारा. बाबांनी एका कानात इअरफोन घालायचा, कळ दाबायची, मशीन एक वाक्य कानात सांगणार, ते वाक्य बाबांनी मोठ्याने म्हणायचं, मग पुन्हा कळ. जिथे थांबलं तिथूनच ते पुढच्या वेळी सुरू व्हायचं. कळ बोटाला सापडावी म्हणून आईने तिच्यावर आपली एक जाडशी टिकली चिकटवून दिली.

त्या वर्षी बाबांनी ग्रंथ पुरा वाचला. पहिले दोन-तीन दिवस लोक त्यांच्या कानाकडे बघायचे, नंतर विसरून गेले. वाक्याआधी बाबा क्षणभर थांबत, आणि त्या थांबण्यामुळे वाचन उलट जास्त गंभीर वाटायचं असं काका म्हणाले. काकांच्या सुनेला मात्र हळूच विचारावंसं वाटत होतं की पुढच्या वर्षी हिंदीतून वाचलं तर मुलांना समजेल. ती इथेच वाढलेली, शाळेत शिकवणारी, स्वभावाने अगदी गरीब बाई. तिने विचारलं, आणि बाबांनी आवाज न चढवता सांगितलं, "बेटा, मी आहे तोपर्यंत मराठी. मग तुम्ही बघा."

म्हणजे सगळा डोलारा बाबांच्या कानातल्या आवाजावर उभा होता. तो थांबला की लखनऊतलं मराठी वाचन थांबणार आणि बाबा भिंतीला टेकून बसणाऱ्या म्हाताऱ्यांत जाऊन बसणार, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

आता माझ्या नोकरीचं सांगायला हवं. मी बंगळुरूच्या एका कंपनीत काम करते, तेलीबागेतल्या घरी बसून. कंपनी एका नव्या जातीच्या प्रोसेसरवर काम करते. तो इथेच आखलेला, आपल्या देशात. माझं काम, लिनक्सवरचे प्रोग्राम त्या प्रोसेसरवर चालते करायचे. बाबांना यातलं तांत्रिक काही कळत नव्हतं, पण 'आपल्याकडे आखलेला' एवढं पुरेसं होतं. त्यांचे वडील दुसऱ्याच्या शेतात राबले. बाबा आयुष्यभर दुसऱ्याने लिहिलेल्या फायलींवर शेरे मारत बसले. आणि पोरगी प्रोसेसरवर काम करते, तेही घरच्या. ऑफिसने मला त्या प्रोसेसरचा एक बोर्ड, म्हणजे तळहाताएवढा कॉम्प्युटरच, पाठवला तेव्हा त्यांनी तो हातात घेऊन चाचपला, त्याच्या कडांवरून बोटं फिरवली आणि म्हणाले, "यंदा वाचन याच्यावरून."

मी म्हटलं, घाई नको, बघू. तोवर त्यांनी महानगरला फोन लावून सांगून टाकलं होतं. जुना लॅपटॉप त्यांनी परस्पर काकांच्या सुनेच्या शाळेला देऊनही टाकला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

बोर्ड उघडा असतो, हिरवा, कंगव्यासारख्या काट्यांचा. मी तो फराळाच्या प्लास्टिकच्या डब्यात बसवला, डब्याला भोकं पाडली, एक छोटा कीबोर्ड जोडला आणि टिकली त्यावर लावली. पडद्याची गरजच नव्हती. मग आवाज बसवायला घेतला आणि लगेच उत्तर आलं: या प्रोसेसरसाठी हे पॅकेज उपलब्ध नाही.

लखनऊत काळा मसाला मिळत नाही. गरम मसाला, सब्जी मसाला हवा तेवढा. पण आमच्या अमरावतीकडचा काळा मसाला दुकानात मागितला तर दुकानदार तोंडाकडे बघतो. मग आई दर उन्हाळ्यात दगडफूल, नागकेशर, खोबरं जमवते, भाजते आणि घरी कुटते. लिनक्सचं तसंच आहे. प्रोग्राम लिहिणारा जे लिहितो ते म्हणजे अख्खे मसाले. ते कोणत्याही प्रोसेसरला तसेच चालत नाहीत, त्याच्यासाठी कुटून द्यावे लागतात. सगळ्यांच्या लॅपटॉपमध्ये जे प्रोसेसर असतात त्यांच्यासाठी कोणीतरी आधीच कुटून, पुड्या बांधून ठेवलेलं असतं. एक ओळ टाइप केली की पुडी घरात. यालाच पॅकेज म्हणायचं. ज्या प्रोसेसरला खप नाही त्याच्यासाठी पुडी नसते, सामान घ्या आणि आपलं आपण कुटा.

माझ्या कामात 'उपलब्ध नाही' हे शब्द मी रोज वाचते. जे जुने प्रोसेसर लोकांनी टाकून दिले त्यांच्यापुढेही हेच लिहिलेलं असतं आणि जे अजून नीट आलेलेच नाहीत त्यांच्यापुढेही हेच. आमचा दुसऱ्या जातीतला. ऑफिसात मी म्हणायचे की चला, निदान आपल्याला भविष्य तरी आहे, आणि सगळे हसायचे. घरी वर्षावास तोंडावर आला तेव्हा मला त्यात हसण्यासारखं काही दिसेना.

त्या माणसासारख्या आवाजाच्या खाली आणखी पुष्कळ प्रोग्राम होते. एक दुसऱ्यावर उभा, दुसरा तिसऱ्यावर, आणि सगळ्यांत खालचा आमच्या प्रोसेसरचं नावही न ऐकलेला. तो कुटला जाईपर्यंत वरचा कुटता येत नव्हता. तोपर्यंत काय करायचं? एक जुनाट, हलकाफुलका वाचणारा प्रोग्राम मात्र आमच्या प्रोसेसरसाठी तयार होता. त्यालाही मराठी यायचं. त्याचा आवाज पत्र्याच्या डब्यात वाळू हलवावी तसा. मी तो बसवला आणि बाबांच्या कानात घातला.

त्यांनी दोन वाक्यं ऐकली. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

"समजतंय?"

"समजतंय," ते म्हणाले. "कानाला सवय झाली की होईल."

"बाबा, नसेल जमत तर माझा ऑफिसचा लॅपटॉप घेऊन जा शनिवारपुरता. त्यावर जुना आवाज बसतो."

"आणि लोकांना काय सांगू? पोरीचा प्रोसेसर बोलत नाही म्हणून?"

मग मी शब्द दिला की लवकरात लवकर खरा आवाज त्यात घालून देते. बाबा खुश झाले.

पहिल्या शनिवारी आई-बाबा ठरलेल्या ऑटोवाल्याबरोबर निघाले. बाबांनी डबा मांडीवर घेतला होता, दोन्ही हातांनी धरून, लग्नाच्या घरी लाडू नेतात तसा. मी दारापर्यंत त्यांना सोडलं आणि परत टेबलाशी येऊन बसले. पुढचे सगळे शनिवार-रविवार असेच गेले. ते महानगरला, मी तेलीबागेत. आठवडाभर ऑफिसचं काम, आणि सुटीच्या दिवशी ऑफिसच्याच दुसऱ्या एका बोर्डावर बाबांसाठी आवाज कुटणं.

ते काम कसं चालतं हे सांगून कंटाळा आणत नाही. सकाळी सुरू करायचं. बोर्ड गरीब, त्याची ताकद ती किती. दुपारपर्यंत दमत दमत जायचं आणि कुठल्या तरी फाईलवर येऊन मरायचं. मेमरी संपली. किंवा लिहिणाऱ्याने धरूनच चाललं होतं की जगात दोनच तऱ्हेचे प्रोसेसर आहेत. किंवा वीज जायची, इन्व्हर्टर कुरकुरायचा, आणि पहिल्यापासून सुरू. ज्यांनी तो प्रोग्राम लिहिला त्या परदेशातल्या लोकांना मी लिहायचे. उत्तरं सभ्य यायची. तुमचा प्रोसेसर आमच्याकडे नाही, तपासून बघता येणार नाही, तुम्ही दुरुस्ती पाठवलीत तर सवडीने पाहू. एकाने विचारलं, अशा किती लोकांना याची गरज आहे? एकाला, असं लिहायची लाज वाटली, म्हणून काहीच लिहिलं नाही. आणि त्या माणसाचा मला राग आला, पण तो त्याच्यावर काढण्यात अर्थ नव्हता.

संध्याकाळी उशिरा ते दोघं परतायचे. "कसं झालं?" मी पडद्यावरून नजर न काढता विचारायचे.

"उत्तम," बाबा म्हणायचे. "आज तर एकदम रंगलं."

"जेवून घ्या," आई म्हणायची. "आणि तू पण ऊठ आता."

एकदा बाबांनी चारबागेतली गंमत सांगितली. स्टेशनसमोर ऑटो नेहमीसारखा अडकला होता, हमालांची आणि बसवाल्यांची बोंबाबोंब चालली होती, आणि ऑटोवाल्याने विचारलं, अंकल, इस डिब्बे में क्या है? बाबांनी त्याला सगळं समजावून सांगितलं. "मी म्हटलं, भैया, ये बोलनेवाला डिब्बा है, मेरी बेटी का. तो म्हणाला, हमको भी सुनाइए. मी त्याच्या कानाला लावलं. म्हणतो कसा, अंकल, ये तो कुछ खरखर कर रहा है! त्याला बिचाऱ्याला मराठी कुठून समजणार?" बाबा हसले. आई हसली नाही. मला ते तेव्हा दिसलं होतं, पण मी त्यातून काही काढलं नाही.

मग काकांच्या सुनेचा फोन आला. बुधवार असेल, दुपारची वेळ, तिच्या शाळेतल्या मुलांचा गोंगाट मागे ऐकू येत होता.

"दीदी, बुरा मत मानिएगा," ती म्हणाली. "अंकल जी ठीक हैं ना?"

"हाँ, क्यों?"

"नहीं, वो... वही अध्याय चल रहा है। घर छोड़ने वाला। कई हफ़्ते हो गए।"

मला आधी समजलंच नाही. तिने मग सावकाश सांगितलं. तरुण राजपुत्र घर सोडून जायचं ठरवतो, तो अध्याय. बाबा तो वाचत होते. थोडं पुढे जायचे, पुन्हा मागे यायचे. पुढच्या शनिवारी पुन्हा तोच. तिला आधी वाटलं की तिचंच मराठी कच्चं आहे, म्हणून सगळं सारखंच ऐकू येतंय. दुसऱ्या सुनांना विचारलं तर त्यांनाही तसंच वाटत होतं. मग तिने सासऱ्यांना विचारलं. काका म्हणाले, तो अध्याय महत्त्वाचा आहे, मुद्दाम घोळून घोळून वाचत असतील, आणि वाचणाऱ्याला मधे टोकायचं नसतं. सगळ्या म्हाताऱ्यांचं हेच मत होतं. तेव्हा ज्यांना मराठी समजत नव्हतं ते गप्प बसले आणि ज्यांना समजत होतं ते आदराने गप्प बसले. हॉलभर माणसं हात जोडून बसायची, संपल्यावर 'साधू, साधू, साधू' म्हणायची, आणि खीर खाऊन घरी जायची. एका माणसाला वाटेत एकटं सोडायला आम्हा लोकांना याहून चांगली रीत सापडली नसती.

मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात गेले. आई मेथी निवडत होती.

"तुला माहीत होतं?"

तिने काय ते विचारलंही नाही. "हो."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? त्या डब्यातलं त्यांना एक अक्षर समजत नाही. सुरुवातीचा एखादा शब्द लागला तर लागला, बाकी पाठ आहे तेच म्हणतात. इतकी वर्षं वाचलेलं, पाठ तर असणारच. कळ दाबतात, कानात खरखर होते, आणि हे आपलं आपलं म्हणतात."

"मग पुढे का जात नाहीत?"

आईने मेथीची जुडी खाली ठेवली. "काऊन म्हणजे? विसरतात ना. घरात पण विसरतात. चहा घेऊन पुन्हा मागतात. परवा मला विचारत होते, तुझी आई कशी आहे. माझी आई जाऊन किती वर्षं झाली. तू त्या मशीनसमोरून उठलीस तर तुला दिसेल."

मला रडू यायला हवं होतं, पण आला तो राग. आईवर, काकांवर, त्या हात जोडून बसणाऱ्या हॉलवर. "तू तरी त्यांना टोकायचंस," मी म्हणाले.

"मी?" आई म्हणाली. "घरून निघताना डबा पोटाशी धरून बसतात. दिसेल त्याला सांगतात, बेटी का है. मी त्यांना सांगू, की तुमच्या पोरीचं मशीन तुम्हाला कळत नाही आणि तुमचं डोकं पण चालत नाही? तू सांग. तुझी हिंमत असेल तर."

माझी हिंमत नव्हती. मी परत टेबलाशी जाऊन बसले. पण आता मला एक वाट दिसत होती, आणि मी तिला घट्ट धरलं. खरा आवाज डब्यात आला, की बाबांना वाक्य नीट ऐकू येईल. नीट ऐकू आलं की ते तेच म्हणतील, पाठांतराच्या फेऱ्यात अडकणार नाहीत. कोणी काही सांगायची गरजच उरणार नाही. विसरणं विसरण्याच्या जागी राहील, पण वाचन पुढे जाईल. गेल्या वर्षी गेलंच होतं की. मी ऑफिसात रजा टाकली आणि सगळं बाजूला ठेवून त्या आवाजाच्या मागे लागले. नाकी नऊ आले, पण एकेक प्रोग्राम बनत वर आला. परदेशातल्या त्या लोकांपैकी एकाने, ज्याला मी मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या, आपण होऊन एक अडचण सोडवून पाठवली. शनिवारी जेवणं होईपर्यंत आवाज तयार झाला. मी एक वाक्य टाइप करून बघितलं. तीच बाई, तसाच वाक्याच्या शेवटी उतरणारा स्वर. मी खुर्चीतच टाळ्या वाजवल्या.

बाबा महानगरला निघण्यासाठी तयार होऊन बसले होते, पांढरा सदरा, केस पाणी लावून बसवलेले. मी नवा आवाज डब्यात चढवला आणि डबा त्यांच्या मांडीवर ठेवला. मलाही ऐकायचं होतं म्हणून इअरफोनऐवजी स्पीकर जोडला. "बाबा, आला आवाज. दाबा कळ."

त्यांच्या बोटाला टिकली सापडली. बाई बोलू लागली. तथागत आता फार थकले आहेत, पुढे चालवत नाही, दोन शालवृक्षांच्या मधे अंथरूण घालायला सांगत आहेत. शिष्य बाजूला जाऊन, कोणाला दिसणार नाही असा रडतो आहे.

बाबांचा हात थांबला. "हे कुठलं लावलंस?"

"मी काही लावलं नाही बाबा. जिथे थांबला होतात तिथूनच सुरू होतं ते."

बोलता बोलताच मला कळलं की मी काय बोलले. दर शनिवारी, दर रविवारी ते कळ दाबत होते. प्रत्येक दाबण्याला डबा एक वाक्य पुढे जात होता. ते त्याच अध्यायात फिरत राहिले आणि डबा खरखरत, एकटाच, ग्रंथ संपवत आला होता.

बाबांनी पुन्हा कळ दाबली. बाईने पुढचं वाक्य सांगितलं. त्यांनी ते ऐकलं, म्हटलं नाही.

"हा तर शेवट आहे," ते म्हणाले. "आपण तर अजून घरही सोडलेलं नाही."

मी स्पीकर बंद केला.

"मग मी इतके दिवस काय वाचत होतो?"

आई दारात येऊन उभी राहिली होती, बाहेर जायची साडी नेसून, हातात बाबांची काठी. मी तिच्याकडे बघितलं. तिने मान वळवली. खोटं बोलायला जागा होती, मशीन चुकलं असं म्हणता आलं असतं. मशीनवर काहीही ढकलता येतं, माझा तर तो धंदाच आहे. पण बाबांनी तोंड माझ्या दिशेने केलं होतं आणि ते वाट बघत होते.

"घर सोडण्याचा अध्याय," मी म्हणाले.

"रोज?"

"हो बाबा."

"कोणी बोललं नाही," ते म्हणाले. तक्रारीचा सूर नव्हता, नुसतं नवल होतं. मग त्यांनी बाजूला पडलेला इअरफोन चाचपून घेतला, त्याची वायर नेहमीसारखी दोन बोटांभोवती गुंडाळली आणि डब्यावर ठेवली. डबा उचलून माझ्याकडे केला.

"आवाज चांगला आलाय," ते म्हणाले. "अगदी माणसासारखा. तुझं काम झालं बेटा."

"बाबा, आता नीट ऐकू येतंय ना. आपण मागे जाऊ, मी करून देते. आज मी येते बरोबर, बाजूला बसते..."

"तो वाचेल नीट. त्याच्यात काही बिघाड नाही." मग आईला म्हणाले, "महानगरला फोन कर. सुनेला सांग, आजपासून हिंदीतून वाच म्हणावं. मुलांना समजेल."

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले. मला त्या प्रोसेसरचा, त्या आवाजाचा, माझ्या त्या टाळ्यांचा संताप आला होता. जुन्या खरखरीत बाबा सुखाने होते. मी त्यांना नीट ऐकू येईल असं केलं, आणि त्यांनी नीट ऐकलं.

रीत म्हणून मी केलेलं सगळं काम त्या परदेशातल्या लोकांकडे पाठवून दिलं. त्यांनी ते घेतलं. आता पॅकेजच्या यादीत आमच्या प्रोसेसरपुढे 'उपलब्ध' असं येतं. एक ओळ टाइप केली की तो आवाज कोणाच्याही घरी येतो. ऑफिसात सगळ्यांनी अभिनंदन केलं. डबा आमच्या कपाटावर आहे, आईने त्यावर फडकं टाकलंय.

आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गेले. चारबागेत ऑटो अडकला तेव्हा बाबांचे हात मांडीवर नुसतेच होते. ऑटोवाल्याने डब्याबद्दल विचारलं, आई म्हणाली, "घर पर है."

हॉल भरला होता. काकांनी बाबांसाठी पुढची नेहमीची जागा ठेवली होती, पण बाबा भिंतीकडे वळले आणि हाताने चाचपत खाली बसले. मी शेजारी बसले. सून फोनवर बघून हिंदीतून वाचू लागली. ती चांगलं वाचते, शाळेतल्या बाईसारखं, स्वच्छ. आणि ज्या मुली इतकी वर्षं मान खाली घालून वेळ काढायच्या त्या वर बघून ऐकत होत्या. एकीने तर डोळे पुसले. मला ते बघवेना, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती हेही कळत होतं.

दोन शालवृक्षांपर्यंत वाचन आलं तेव्हा बाबांनी माझा हात शोधला आणि माझ्याकडे वाकले. वाचणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "हे आपण वाचलंय का?"

"नाही बाबा," मी म्हणाले. "हे पुढचं आहे."

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा ऐकू लागले. सुनेने पान सरकवलं. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा माझा हात दाबला.

"हे आपण वाचलंय का?"

"नाही बाबा. हे पुढचं आहे."